बीटलच्या ऑटोमॅटिक चोकची झाकणी फिरवण्यापूर्वी

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. पुण्यात तुमच्याकडे १९७१ची फोक्सवॅगन बीटल आहे, इंजिन १६०० सीसीचे आणि कार्बोरेटर सोलेक्सचा ३४ पिक्ट ३. गाडी आठवड्यातून एकदाच, रविवारी सकाळी बाहेर निघते. त्या वेळी पाच-सहा वेळा सेल्फ मारावा लागतो. एकदा सुरू झाली की आयडलिंग (पॅडल न दाबता इंजिनाचा वेग) चढलेले राहते, मागून काळा धूर येतो आणि हा प्रकार दहा-बारा मिनिटे चालतो. वाटेत चहाला थांबून पुन्हा सुरू केली की पेट्रोलचा वास येतो आणि इंजिन गुदमरल्यासारखे चालते. गॅरेजमध्ये चोक (थंड इंजिनाला पेट्रोल जास्त मिळावे म्हणून हवा अडवणारी यंत्रणा) ‘टाइट’ करून दिला; त्यानंतर धूर वाढला, पण सुरू होण्याचा त्रास जसाच्या तसा राहिला. म्हणून चोकची गोल झाकणी नेमकी कोणत्या खुणेवर ठेवावी, असे तुम्ही विचारले आहे.

याचे एका ओळीचे उत्तर आहे: मधल्या खुणेवर. कार्बोरेटरच्या अंगावर तीन खुणा असतात आणि झाकणीच्या कडेला एक खाच असते. ती खाच मधल्या खुणेसमोर येईल अशी कारखान्यातली मांडणी असते. परंतु एवढ्यावर थांबलो तर तुमची गाडी सुधारणार नाही, कारण तुमच्या वर्णनात मला दोन वेगवेगळे दोष दिसतात आणि त्यांतला पहिला बहुधा चोकचा नाहीच. गॅरेजमध्ये पहिल्या दोषावर दुसऱ्याचे औषध दिले गेले आणि त्यातून धूर वाढला, असा माझा कयास आहे. मी गेली सत्तावीस वर्षे जुन्या, कार्बोरेटरच्या गाड्यांचेच काम करतो, आणि ऑटोमॅटिक चोकच्या नावाने माझ्याकडे आलेल्या बीटलपैकी निम्म्याहून अधिक गाड्यांत चोक दुरुस्त करण्यासारखे काही नव्हते.

आपल्याकडे हा घोटाळा का होतो, तेही सांगतो. आपले बहुतेक जुने कारागीर अँबॅसिडर आणि प्रीमियर पद्मिनीवर तयार झाले. त्या गाड्यांना डॅशबोर्डवर चोकची मूठ असते. थंडीत ओढायची, इंजिन गरम झाले की आत ढकलायची. गाडी चालवणाऱ्याला इंजिन ऐकू येते, त्यामुळे मूठ कधी सोडायची ते त्याचा कानच ठरवतो. बीटललाही सुरुवातीला हातानेच ओढायचा चोक होता. १९६१च्या मॉडेलच्या सुमारास २८ पिक्ट कार्बोरेटर आला आणि त्याच्याबरोबर विजेवर चालणारा चोक आला. या नव्या चोकला कान नाहीत. त्याच्या आत दोन धातूंच्या पट्टीची गुंडाळलेली स्प्रिंग आहे आणि तिच्याजवळ एक तापणारी तार आहे. चावी फिरवली की इग्निशन कॉइलच्या १५ क्रमांकाच्या टोकावरून त्या तारेला वीज मिळते, तार तापते, स्प्रिंग उलगडते आणि कार्बोरेटरच्या तोंडातली हवा अडवणारी पाकळी हळूहळू उघडते. इंजिन चालू आहे की बंद, हे त्याला कळत नाही. इंजिन गरम झाले की नाही, हेही त्याला थेट कळत नाही. आसपासची उष्णता थोडीफार मदत करते, परंतु मुख्यतः हा चोक म्हणजे चावी फिरवल्यापासून चालू होणारे एक घड्याळ आहे. ही एक गोष्ट मनात पक्की बसली की तुमच्या गाडीची सगळी लक्षणे उलगडत जातात.

प्रथम सुरू न होण्याबद्दल. गाडी सहा दिवस उभी असते. कार्बोरेटरच्या फ्लोट चेंबरला, म्हणजे आतल्या पेट्रोलच्या वाटीला, हवेसाठी वाट असते, आणि आपल्या हवेत त्या वाटेने आठवड्याभरात चेंबरमधले पेट्रोल बरेचसे उडून जाते. बीटलचा पेट्रोल पंप यांत्रिक आहे, तो इंजिन फिरते तेव्हाच चालतो, आणि टाकी पुढच्या टोकाला तर इंजिन मागच्या टोकाला. रविवारी सकाळी पहिले तीन-चार सेल्फ केवळ पेट्रोल वर आणून चेंबर भरण्यात खर्च होतात. तोपर्यंत चोकची पाकळी कितीही घट्ट मिटलेली असली तरी तिचा उपयोग नाही, कारण ओढून घ्यायला पेट्रोलच नसते. याहून वाईट म्हणजे या सगळ्या वेळेत चावी चालू असते, त्यामुळे चोकची तार तापू लागलेली असते आणि पेट्रोल पोहोचेपर्यंत पाकळी थोडी उघडलेलीही असते.

हे खरे आहे का, ते पाहण्यासाठी एक पैसाही लागत नाही. येत्या रविवारी चावी लावण्यापूर्वी एअर क्लीनर काढा. तो तेलाचा असेल तर सरळ धरून उचला, म्हणजे तेल सांडणार नाही. बोटाने चोकची पाकळी उघडी धरा, टॉर्चने कार्बोरेटरच्या तोंडात पाहा आणि दुसऱ्या हाताने थ्रॉटलचा (ॲक्सिलरेटरने उघडणाऱ्या झडपेचा) दांडा एकदा पूर्ण ओढा. आतल्या बारीक पितळी नळीतून पेट्रोलची पिचकारी उडाली तर चेंबर भरलेले आहे आणि माझा कयास चुकला. पिचकारी उडाली नाही, किंवा थेंबभरच आले, तर तुमचा सकाळचा त्रास चोकचा नाही आणि त्यासाठी झाकणीला हात लावण्याचे कारण नाही. (पिचकारी देणाऱ्या पंपाचा पडदा फाटला असला तरीही ती उडत नाही, म्हणून इंजिन चालवून बंद केल्यावर हीच चाचणी पुन्हा करा. तेव्हा उडाली तर पडदा चांगला आहे.)

चेंबर रिकामे होत असेल तर उपाय सोपा आहे. चेंबरच्या हवेच्या नळीतून इंजेक्शनच्या सिरिंजने थोडे पेट्रोल आत सोडा, सांडलेले असल्यास पुसून घ्या, वास पूर्ण जाऊ द्या, आणि मगच चावी फिरवा. कार्बोरेटरच्या तोंडात थेट पेट्रोल ओतण्याची आपल्याकडे सवय आहे. ती मी कोणालाही शिकवत नाही, कारण इंजिनाने उलट भडका मारला तर आग थेट तुमच्या हातावर येते. सिरिंज नको असेल तर ॲक्सिलरेटरच्या पॅडलला पाय न लावता दहा सेकंद सेल्फ मारा, चावी पूर्ण बंद करा, अर्धा मिनिट थांबा आणि मग नेहमीच्या पद्धतीने सुरू करा.

ही ‘नेहमीची पद्धत’ काय, हे ठाऊक नसल्यामुळेही बरेच चांगले चोक बदनाम होतात. थंड गाडीत चावी लावण्यापूर्वी ॲक्सिलरेटर एकदा तळापर्यंत दाबून सावकाश सोडायचा असतो. गाडीच्या मागे उभे राहिले की कार्बोरेटरच्या डाव्या बाजूला चोकच्या दांड्यावर पायऱ्या-पायऱ्यांचा एक कॅम दिसतो आणि थ्रॉटलच्या दांड्यावरचा एक स्क्रू त्या पायऱ्यांवर टेकलेला असतो. पॅडल दाबल्याशिवाय तो स्क्रू कॅमवरून उठत नाही, कॅम अडकून राहतो, आणि कॅम अडकला की स्प्रिंगने कितीही ओढले तरी पाकळी मिटत नाही. एकदा दाबले की पाकळी मिटते, स्क्रू सर्वांत उंच पायरीवर बसतो, आणि थंड इंजिनाला घट्ट (पेट्रोल जास्त, हवा कमी असलेले) मिश्रण व थोडे चढे आयडलिंग दोन्ही मिळतात. याच कारणाने सुरू झाल्यावरही मिनिटा-दोन मिनिटांनी पॅडलला हलका स्पर्श करावा लागतो. पाकळी उघडत गेली तरी स्क्रू उठल्याशिवाय कॅम खालच्या पायरीवर येत नाही, आणि उभ्या गाडीत आयडलिंग चढलेलेच राहते. रस्त्यावर गाडी चालू असताना हे आपोआप घडते. तुम्ही दहा मिनिटे गाडी दारात उभी ठेवून ‘गरम’ करत असाल आणि पॅडलला हात-पाय लावत नसाल, तर चढलेल्या आयडलिंगचे निम्मे उत्तर इथेच आहे.

आता काळ्या धुराकडे वळतो, कारण हा दोष मात्र खरोखर चोकच्या बाजूचा आहे. पुण्याच्या हवेत पाकळी तीन ते पाच मिनिटांत उभी, म्हणजे पूर्ण उघडी झाली पाहिजे. तुमची दहा-बारा मिनिटे घेते. याची कारणे तीन असू शकतात: तारेला वीज पोहोचत नाही किंवा कमी पोहोचते, पाकळीचा दांडा धुळीने आणि पेट्रोलच्या चिकट थराने जाम झाला आहे, किंवा झाकणी इतकी फिरवून ठेवली आहे की स्प्रिंग पूर्ण तापूनही पाकळी उघडू शकत नाही. गॅरेजमध्ये जे केले त्यावरून तिसरे कारण उघडच दिसते, परंतु पहिली दोन तपासल्याशिवाय झाकणी मूळ जागी आणली तर पुन्हा भलतेच काही होईल आणि आपण खुणांच्या मागे फिरत राहू.

वीज तपासण्यासाठी बारा व्होल्टचा साधा टेस्ट लॅम्प पुरतो. चोकवरची वायर काढा, चावी चालू करा आणि लॅम्पची एक बाजू वायरच्या टोकाला व दुसरी इंजिनच्या स्वच्छ धातूला लावा. लॅम्प पूर्ण प्रकाशाने लागला तर वीज येते आहे. मग लॅम्प वायर आणि चोकचे टर्मिनल यांच्या मध्ये धरा. मंद लागला तर आतली तार शाबूत आहे, मुळीच लागला नाही तर तार तुटली आहे किंवा झाकणीचा धातूशी संपर्क तुटला आहे. परतीची वीज कार्बोरेटरच्या अंगातूनच जाते, म्हणून झाकणी धरणाऱ्या कडीखाली गंज किंवा रंग असेल तर तो घासून काढा. एक खबरदारी मात्र अवश्य घ्या. बीटलच्या इग्निशनच्या या वाटेवर फ्यूज नाही. ती उघडी वायर कुठे धातूला टेकली तर फ्यूज उडणार नाही, वायर जळेल. चोकच्या टर्मिनलवर प्लास्टिकचे आवरण असलेलाच लग (वायरच्या टोकाची धातूची जोडपट्टी) वापरा. नुसती वायर पिळून अडकवलेली मी अनेक गाड्यांत पाहिली आहे आणि दर वेळी अंगावर काटा येतो.

वायर कुठून घेतली आहे, हेही डोळ्यांनी पाहा. ती कॉइलच्या १५ क्रमांकाच्या टोकावर हवी. डिस्ट्रिब्युटरकडे जाणाऱ्या १ क्रमांकाच्या टोकावर चुकून लावली तर चोकही नीट तापत नाही आणि इंजिनही मिसिंग करते. माझ्या सुरुवातीच्या काळात एका बीटलवर मी दोन दिवस झाकणी मागे-पुढे करत घालवले होते, दर वेळी रात्रभर गाडी थंड होण्याची वाट पाहत. तिसऱ्या दिवशी कॉइलजवळचा लग हाताला सैल लागला. तो चिमटीने आवळला आणि चोक चार मिनिटांत उघडला. त्या दिवसापासून मी लॅम्प लावल्याशिवाय झाकणीच्या स्क्रूला पान्हा लावलेला नाही. दुसऱ्या एका गाडीत कोणीतरी सहा व्होल्टची झाकणी बारा व्होल्टच्या गाडीला बसवली होती. १९६७ पूर्वीच्या बीटल बहुतांशी सहा व्होल्टच्या असल्यामुळे तसे सुटे भाग अजून फिरत असतात. ती झाकणी मिनिटभरात पाकळी उघडायची, थंड गाडी बंद पडायची, आणि शेवटी आतली तार जळून गेली. तुमच्या झाकणीवर १२ व्होल्टची खूण आहे ना, ते पाहून घ्या.

दांडा जाम आहे का, हे इंजिन थंड आणि चावी बंद असताना पाहायचे. थ्रॉटल उघडा धरा आणि पाकळी बोटाने उघडून सोडा. ती स्वतःहून, न अडखळता मागे यायला हवी. अडखळत असेल तर कार्बोरेटर क्लीनरने दांड्याची दोन्ही टोके धुवा. तिथे तेल घालू नका, तेलावर धूळ बसते आणि दोन महिन्यांत पुन्हा तोच प्रकार होतो.

आता झाकणीची मांडणी. गाडी रात्रभर उभी असावी, चावी बंद असावी आणि सकाळची थंड वेळ असावी. गाडीच्या मागे उभे राहिल्यावर झाकणी कार्बोरेटरच्या उजव्या बाजूला असते, तीन लहान स्क्रूंनी आणि एका कडीने धरलेली. स्क्रू काढू नका, झाकणी फिरेल इतकेच सैल करा. तुमच्याकडे ती एकदा उघडली गेली आहे, त्यामुळे एवढे एक तपासून घ्या: झाकणी फिरवल्यावर पाकळी तिच्याबरोबर हलते का? हलत नसेल तर स्प्रिंगचे वाकडे टोक आतल्या दांड्याच्या आकड्यात अडकलेलेच नाही आणि झाकणी काढून ते अडकवावे लागेल. काढताना आतले पॅकिंग आणि प्लास्टिकची चकती कोणत्या बाजूने होती ते लक्षात ठेवा, आणि सिरॅमिकची बाजू कशावरही आपटू नका.

घड्याळाच्या दिशेने फिरवावी की उलट, हे मी मुद्दामच सांगत नाही. दिशा पाठ करणारा माणूस दुसऱ्या कार्बोरेटरवर हमखास चुकतो. थ्रॉटल अर्धा उघडा धरून पाकळीकडे पाहत झाकणी फिरवा, म्हणजे कोणत्या दिशेला पाकळी मिटते ते डोळ्यांसमोर दिसेल. आधी ती पूर्ण उघडू द्या, मग सावकाश मिटवत आणा, आणि पाकळी कडेला जेमतेम टेकली की थांबा. बोटाने ढकलल्यावर ती सहज उघडली पाहिजे. बोटाला जोर लावावा लागला तर स्प्रिंग जास्त ताणली आहे. सकाळचे तापमान वीस अंशांच्या आसपास असेल आणि झाकणी मूळची असेल तर खाच मधल्या खुणेच्या आसपासच येते. फार दूर आली तर झाकणी दुसऱ्या कार्बोरेटरची आहे किंवा स्प्रिंग थकली आहे असे समजा. अशा वेळी मी खुणेपेक्षा पाकळीवर विश्वास ठेवतो. शेवटी तिन्ही स्क्रू हलक्या हाताने, आलटून पालटून आवळा. खालचा धातू मऊ आहे, आटे लगेच जातात.

परिस्थितीवर काय अवलंबून आहे, तेही इथेच सांगायला हवे. ही यंत्रणा बर्फात उभ्या राहणाऱ्या गाड्यांना डोळ्यांसमोर ठेवून बनवली आहे. पुण्यात जानेवारीच्या पहाटे दहा-बारा अंश असतात, निफाडला पारा पाच अंशांखाली जातो, आणि मुंबई-गोव्यात पंधराच्या खाली क्वचितच उतरतो. मे महिन्यात तुम्ही सकाळी सातला मांडणी केली आणि हवा सत्तावीस अंश असली, तर पाकळी पूर्ण मिटेपर्यंत झाकणी फिरवणे ही चूक ठरेल. त्या तापमानाला तिने थोडे उघडेच राहायला हवे. म्हणून मी शक्यतो मांडणी नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करतो, आणि किनारपट्टीवरच्या गाड्यांना खाच मधल्या खुणेपासून अर्धी खूण उघडण्याच्या बाजूला ठेवतो. पुण्यासाठी मधली खूण मला योग्य वाटते. गाडी मुख्यतः महाबळेश्वर-पाचगणीकडे राहत असती तर मी तीच ठेवली असती.

पेट्रोलही बदलले आहे, हे विसरून चालत नाही. शुद्ध पेट्रोलला वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते आणि इथेनॉलला सुमारे ९ पट. म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर १९७१चे जेट (पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोके) थोडे पातळ मिश्रण देतात. शिवाय इथेनॉलला वाफ होण्यासाठी पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता लागते. बीटलचे इनटेक मॅनिफोल्ड (मिश्रण सिलिंडरकडे नेणारा पाइप) मधून दोन्ही हेडपर्यंत लांब आणि बारीक गेलेले आहे, त्यात थंड पेट्रोल भिंतींना चिकटून राहते. त्यामुळे हल्ली इंजिन थंड असताना पूर्वीपेक्षा किंचित अधिक अडखळते, आणि लोक तो दोषही चोकवर टाकतात. यासाठी झाकणी घट्ट करू नका. चोक फक्त पहिल्या काही मिनिटांचा धनी आहे. पुढच्या अडखळण्याचे कारण जेटमध्ये किंवा मॅनिफोल्डच्या उष्णतेत शोधावे लागते.

मॅनिफोल्डच्या उष्णतेचा उल्लेख केला, कारण हा तिसराच दोष चोकचे सोंग घेऊन येतो. इनटेक पाइपला चिकटून खालून एक बारीक पाइप जातो. त्यातून एक्झॉस्टचा गरम वायू फिरतो आणि मॅनिफोल्डचा मधला भाग तापवतो. हा पाइप काजळीने बुजतो. मग गाडी व्यवस्थित सुरू होते, चोक वेळेवर उघडतो, आणि त्यानंतर दहा-पंधरा मिनिटे पॅडल दाबताच इंजिन दचकते. पावसाळ्यात आंबोलीच्या किंवा महाबळेश्वरच्या घाटात दमट, गार हवेत तर कार्बोरेटरच्या आत बर्फ जमू शकतो. पेट्रोलची वाफ होताना उष्णता शोषली जाते, त्यामुळे बाहेर पंधरा अंश असतानाही आत शून्याच्या खाली जाते. इंजिन पाच मिनिटे चालल्यावर त्या बारीक पाइपची दोन्ही टोके हाताजवळ आणून पाहा, थेट धरू नका. दोन्हीकडे धग लागली तर पाइप मोकळा आहे. तुमच्या वर्णनात दचकण्याचा उल्लेख नाही, म्हणून इथे अधिक रेंगाळत नाही.

मांडणी झाल्यावर ती बरोबर आहे की नाही, हे इंजिन सुरू न करता पाहता येते. कॉइलच्या १ क्रमांकाच्या टोकावरची वायर काढून बाजूला ठेवा, नाहीतर डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट मिटलेल्या स्थितीत कॉइल विनाकारण तापत राहील. पाकळी मिटवण्यासाठी थ्रॉटल एकदा ओढून सोडा, स्क्रू पायरीवरून उचललेला राहील इतका थ्रॉटल उघडा अडकवून ठेवा आणि चावी चालू करून घड्याळ लावा. पाकळी मिनिटभरात हलू लागली आणि पाचव्या मिनिटाच्या आत उभी झाली तर चोकचे काम संपले. चावी बंद करून वायर पुन्हा लावा.

मग वायर लावलेली, एअर क्लीनर काढलेला, अशा स्थितीत थंड इंजिन सुरू करून एकच गोष्ट पाहायची. इंजिनाने पेट घेताच पाकळीने झटक्यात काही मिलिमीटर उघडायला हवे. हे काम स्प्रिंगचे नाही. कार्बोरेटरच्या अंगावर व्हॅक्यूमने ओढला जाणारा एक लहान रबरी पडदा आहे, तो पाकळीला श्वास घेण्यापुरती फट देतो. हा पडदा फाटला की इंजिन सुरू होते, लगेच काळा धूर ओकते आणि बंद पडते किंवा कसेबसे तग धरते. जुन्या रबराला इथेनॉल मानवत नाही, त्यामुळे पन्नास वर्षांच्या गाडीत हा पडदा मूळचा असेल तर मी तो न विचारता बदलतो. तो बदलल्यावर झाकणी पुन्हा मांडावी लागत नाही.

एक विनंती आहे. आयडलिंग चढलेले दिसते म्हणून कॅमवर टेकणारा स्क्रू कोणालाही फिरवू देऊ नका. ३४ पिक्ट ३ मध्ये तो आयडलिंगचा स्क्रू नाहीच. तो कॅमच्या सर्वांत खालच्या पायरीला जेमतेम टेकून पाव फेरा आत असावा, एवढेच त्याचे काम. गरम इंजिनचे आयडलिंग डाव्या बाजूच्या मोठ्या बायपास स्क्रूने ८५० फेऱ्यांच्या आसपास आणायचे असते, आणि मिश्रण त्याच्या जवळच्या लहान स्क्रूने. कॅमचा स्क्रू आत घेऊन आयडलिंग जमवलेल्या गाडीत थ्रॉटल कायम थोडा उघडा राहतो, आणि मग चोक, आयडल जेट, टायमिंग यांतले काहीच ताळ्यावर राहत नाही. अर्थात याआधी टॅपेट (व्हॉल्व्हजवळची फट) ०.१५ मिलिमीटरवर, पॉइंट ०.४ मिलिमीटरवर आणि टायमिंग जागेवर आहे, हे मी गृहीत धरतो. तसे नसेल तर आधी ते करा.

चहाच्या थांब्याबद्दल राहिले. पंधरा-वीस मिनिटांत चोकची तार आणि स्प्रिंग निवते, इंजिन मात्र चांगले गरम असते. तुम्ही सवयीने पॅडल दाबून चावी फिरवलीत की पाकळी काही अंशी मिटते, स्क्रू वरच्या पायरीवर बसतो आणि गरम इंजिनाला थंडीचे मिश्रण मिळते. त्यावर झाकणी जास्त ताणलेली असेल तर गुदमरणे ठरलेलेच. गरम इंजिन सुरू करताना आधी पॅडल दाबू नका. पायही न लावता चावी फिरवा. कॅम आपल्या जागी अडकून राहील आणि पाकळी मिटणार नाही. तरीही पेट्रोलचा वास आला तर पॅडल तळाशी दाबून धरा, पंपासारखे मारू नका, आणि इंजिनाने पेट घेताच सोडा.

इतके दिवस गाडी घट्ट मिश्रणावर चालली आहे, म्हणून तेलाची काडी काढून वास घ्या. बीटलमध्ये अवघे अडीच लिटर तेल असते. न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरून त्यात मिसळले की तेल पाण्यासारखे होते आणि बेअरिंगचे नुकसान सुरू होते. पेट्रोलचा वास आला किंवा तेलाची पातळी आपोआप वाढलेली दिसली तर चोक मांडून झाल्यावर लगेच तेल बदला, आणि प्लग काढून काजळी साफ करा.

रविवारी एवढे दोन निकाल मला कळवा: चावी लावण्यापूर्वी पिचकारी उडाली की नाही, आणि झाकणी आत्ता आहे तशीच ठेवून, चावी चालू केल्यापासून पाकळी उभी व्हायला किती मिनिटे लागली. त्याच वेळी हवेचे तापमान किती होते तेही लिहा. तोपर्यंत त्या तीन स्क्रूंना हात लावू नका.